छकड्यात हत्तीचं काळीज

मूल, सोमवार, ११ जानेवारी १९५४

भागीरथे, आधी तुझं सांग. गुडघा वाकतो का आता, की अजून भिंत धरूनच उठतेस? जावईबापूंचा खोकला थंडीत पुन्हा वर आला असेल, अडुळशाचा काढा देतेस ना? कमळीला पाचवा लागला असेल, तिला उंबरा जपून ओलांडायला सांग. धाकट्या नातवाच्या कानाचं पाणी थांबलं का? आणि तुझ्या सासूबाई अजून रागावल्या की तेलुगूतच रागावतात का? रागावतात म्हणजे ठणठणीत आहेत.

दिवाळीला माहेरी आलीस तेव्हा म्हणालीस, "भाऊ, तुमचं पत्र म्हणजे तार. सर्व क्षेम, अन् संपलं." म्हणून ही वही केली. जे घडेल ते खरं लिहीन, भरली की सिरोंच्याला पाठवीन. शाळा दोन वर्षांची, तेव्हा अक्षराला हसू नको.

मी बरा आहे. डावा पाय तसाच, क्लच दाबायला गेलं की कळ थेट कमरेत जाते. धाकट्या पत्रूची तब्येत चांगली, जीभ त्याहून चांगली. त्याच्या रंभाचं मी काय सांगू? भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, भावसुनेनं तोंडावर बोलायचं नाही ही आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. माझी सोमारी होती तोवर इकडचं तिकडे ती सांगायची. ती गेली, आणि तीन वर्षं झाली, रंभाला काय हवं काय नको ते मला कळत नाही.

वॅगन तीच, गोऱ्या साहेबानं जाताना दिलेली, सागवानी पाठीची. आत नऊ माणसं, छपरावर गाठोडी आणि कोंबड्या. मूल ते गडचिरोली, मध्ये वैनगंगा. मी दुरुस्त करतो, पत्रू चालवतो. दोघा भावांची चूल एक आहे ती वॅगन एक आहे म्हणून.

पण गेल्या दोन वर्षांत तिचा दम गेला. अडीच तासांची वाट चार तासांवर आली. परवा बाजारात धानगिरणीवाले गुणवंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "देवाजी मिस्त्री, तुमच्या वॅगनीतून उतरून मानूस पायी निंगाला त आधी पोचते म्हनतात." लोक हसले. पत्रू तिथंच होता. त्यानं मान वर केली नाही.

मी बांबूची काडी दातात धरून दुसरं टोक इंजिनाला लावून पुष्कळ ऐकलं. ठोका म्हणून काही सापडला नाही. म्हटलं वय झालं, आणखी काय. मग कामठीच्या लष्करी लिलावातलं इंजिन आणलं. लढाईतल्या ट्रकाचं, आठ सिलिंडरचं, चार इकडे चार तिकडे. आज उतरवलं तेव्हा बैलबंडीचा आस वाकला. पत्रूला विचारलं नव्हतं. चांगल्या गोष्टीला विचारायचं काय?

तो आला, इंजिनावर दोन्ही हात फिरवले.

"किती सिलिंडर?"

"दिसत नाई का? आठ."

"कोनाले इचारून आनलं?"

"घरच्या गाडीले कोनाले इचारू?"

"गाडी घरची. हात माहे आहेत," म्हणाला, आणि जेवायला आला नाही.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. लिहू नये, पण खरं लिहायचं ठरवलं आहे. रंभानं तिळाच्या लाडवांचं ताट उंबऱ्याआत ठेवलं होतं. पत्रू उन्हातून आत आला आणि ताटाला लाथ मारली. लाडू वासराच्या पायांत गेले.

मी म्हटलं, "राग माह्यावर आहे त मले मार. अन्नाले काऊन?"

तो लाडवांच्या मधोमध उभा. "मले..." एवढं म्हणाला आणि थांबला. मग छाती पुढे काढून म्हणाला, "हो, मारली लाथ. काय करशीन?"

सणाचा दिवस, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाचं हे बोलणं. रंभा लाडू गोळा करता करता वासराला म्हणाली, "खाय बाप्पा, तूच खाय. या घरात ज्याले दिसते त्याले समजत नाई."

तिचा हा नवा प्रकार आहे. मला बोलायचं असलं की वासराला बोलते. मीही छपराकडे पाहून म्हटलं, "वासराले शहानपन शिकवा आधी, मंग मले."

तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही.

गुरुवार, २१ जानेवारी

पत्रूचा आळस आता अंगात मुरला आहे. गडचिरोलीहून तीनची माणसं मिळतात, ती सोडून हा एक वाजताच निघतो. "ऊन उतरलं की गाडी काढत नाई," म्हणतो. जशी काही गाडी हळदीची नवरी आहे.

दुसरं, पोचू न्हावी. ड्रायव्हरच्या शेजारची जागा म्हणजे वॅगनीतलं सिंहासन, आणि तिथं रोज हा पोचू बसतो. जातो आणि येतो, काम काही नाही. तोंडाचा पट्टा मात्र सुरू: "बंडी आली गा, धानाची. डाव्या हातानं जाऊन राह्यली. म्हैस बसली पुढं, भल्ली काळी म्हैस, उठत नाई ते. पोट्टे आले, पोट्टे गेले." जे सगळ्यांना दिसतं तेच हा सांगतो, आणि पत्रू देवाचं पुराण ऐकावं तसा ऐकतो.

मी म्हटलं, "त्याले मागं टाक."

"पोचू उतरला त मी बी उतरलो."

सख्ख्या भावापेक्षा न्हावी जवळचा झाला. लिहिताना टाक जोरानं दाबला, म्हणून डाग पडला आहे.

बुधवार, २७ जानेवारी

आज जुनं इंजिन काढलं. अंगणातल्या चिंचेच्या फांदीला साखळी बांधली, बशीर टीनवाला आणि त्याचे दोन भाऊ ओढायला. बशीर म्हणाला, "देवाजीभाऊ, बकरी के पेट में भैंस का बच्चा डाल रहे आप. पैदा कौन करेगा?" मी म्हटलं, "तू पत्रा काप, बाळंतपण मी पाहतो."

रंभा वासरापुढे गवत टाकत होती. "पाह्य रे वासरा, छकड्यात हत्तीचं काळीज बसवून राह्यले. छकडा हाकनाऱ्याले कोनी इचारलं?"

साखळीवर लटकलेल्या जुन्या इंजिनाजवळ पत्रू आला. बोटांनी एकेक बोल्टाचं भोक चाचपत गेला, जणू गाईच्या सडांना हात लावतो आहे. बशीरला म्हणाला, "फेकू नको. तेल लावून, पोतं गुंडाळून ठेव."

मी म्हटलं, "भंगाराले पोतं कायले?"

"तुले भंगार दिसते."

"मंग तुले काय दिसते?"

तो वळला. अंगणात पडलेल्या जुन्या रेडिएटरला मुद्दाम अडखळून, शिवी देऊन गेला. वस्तूंवर राग काढायची ही खोड त्याला अलीकडे लागली आहे.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

काम जमतं आहे. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नव्हती. बशीरनं मोडक्या बॉयलरचा जाड पत्रा छिन्नीनं कापला. मी दिव्याची काजळी लावून तो दाबायचो. जिथं काजळी उमटेल तिथं उंचवटा, तिथं कानस. आठ दिवस कानस मारली. आता मधे सुताचा धागा जात नाही. साहेबाच्या कारखान्यातही याहून चांगलं झालं नसतं, असं माझं मलाच वाटलं. तू तिथं असतीस तर तुला दाखवलं असतं. इथं दाखवायला कुणी नाही.

इंजिन लांब, म्हणून ड्रायव्हरच्या पायापुढचा पत्रा आत घ्यावा लागला. क्लच, ब्रेक चार बोटं डावीकडे सरकले, गिअरचा दांडा वीतभर मागे. माणसाला काय, चार दिवसांत सवय होते.

इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगेच्या कमानीत एक पान वाढवलं आहे. तरी नाक खालीच राहतं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

सहा दिवस पत्रूशी बोलणं नाही. बशीर म्हणतो, "तुम दोनो भाई, बीच में मैं डाकखाना." आजचं टपाल असं: मी विचारलं, मागच्या चाकांचं तेल बदललं का? उत्तर आलं, बदलणाऱ्याला विचार.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज सुरू झालं. भागीरथे, काय आवाज. चिंचेवरचे कावळे उडाले ते तळ्यावर जाऊन बसले, शेजारची बुधरी म्हातारी घमेलं टाकून पळाली. मी बोनेटवर हात ठेवून उभा होतो, डोळ्यात पाणी आलं. दोन वर्षं शाळा शिकलेल्या माणसाच्या हातून झालं हे.

पत्रूला बशीरकरवी निरोप दिला की एक फेरी मारून आण. तो नाक्यापर्यंत गेला आणि आला, मैलभर असेल. येताना विहिरीच्या कठड्याला उजवा मडगार्ड घासला. खाली उतरला तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. पंधरा दिवसांनंतर प्रथमच सरळ माझ्याशी बोलला.

"भाऊ, हे काढ. ह्याच्यात मले रस्ता ऐकू येत नाई."

"रस्ता पाहाचा रायते, ऐकाचा नाई."

"जुनं बोलत होतं. पुलावर आलं की खोल बोले. झाडीत शिरलं की आवाज वापस अंगावर ये. व्याहाडच्या चढावर कन्हाले लागलं की मी समजो, आता मारुतीचा पार आला. हे त नुसतं बोंबलते. पाय ठेवला नाई त उडी मारते."

"उडी मारते म्हनूनच आनलं."

"नाकापेक्षा मोती जड झाला, भाऊ. नाक तुटन."

म्हणी आईच्या, आणि आता त्या मलाच ऐकवतो. मला समजतं ते समजतं. माझ्या हातचं काम चांगलं झालं हे त्याला सोसत नाही. लहानपणी माझा पतंग वर गेला की तो असाच दोरा कापायचा.

बुधवार, २४ फेब्रुवारी

आज फार झालं. पुढच्या बुधवारी महाशिवरात्र, मार्कंड्याची जत्रा. मूलपासून सावलीपर्यंतची माणसं मोटारस्टँडवर वॅगनीची वाट पाहत बसतील. आणि पत्रू म्हणतो, जुनं इंजिन परत बसव, नाहीतर मी जात नाही.

मी म्हटलं, "नाई चालवाची त किल्ली ठेव इथी. सावलीचा मुखरू ड्रायव्हर उद्या येते म्हने."

हे मी सहज म्हटलं नव्हतं, धमकीच दिली होती. मुखरूशी माझं बोलणंही झालं नव्हतं.

पत्रू ओट्यावर बसला. बराच वेळ किल्ली बोटांत फिरवत होता. मग हळू म्हणाला, "चाक सोडलं त मी काय करू? अठरा सालं झाली, स्टँडवर लोक मले ड्रायव्हरसाहेब म्हनतात. तुह्या ओट्यावर बसून बिड्या वळू?"

"वळशीन त वळ. भात त भेटन."

भागीरथे, हे मी बोलायला नको होतं. पण तोंडातून निघालेला शब्द म्हणजे रानात सुटलेलं रेडकू.

तो उठला. "जत्रेले चालवतो," म्हणाला. "पन पोचू पुढंच बसन."

मला बरंच वाटलं. म्हटलं, घोडं पाण्यावर आलं. धाकट्याला कधी कधी असं ढकलावंच लागतं, त्याच्या भल्यासाठी.

मंगळवार, २ मार्च

सकाळी स्वतः गुणवंतराव आले. त्यांची मोटार स्प्रिंगेचा पाटा तुटून उभी आहे, उद्या जत्रेला वॅगनीत जागा द्याल का, म्हणून. ज्या तोंडानं ते हसले होते त्या तोंडानं. मी म्हटलं, "मालक, तुमाले पुढची जागा. आठ सिलिंडर काय रायते ते पाहाच."

पोचूला सांगितलं, उद्या खाली राहा. तो हसण्यावारी नेईल वाटलं, पण त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ, मले पायदानावर उभा करा. पन ड्रायव्हरजवळ पायजे मी."

"काऊन, तू त्याची आरती करतं का?"

त्यानं पत्रूकडे पाहिलं. पत्रू म्हणाला, "राहू दे पोचू. जाय घरी."

मग रंभानं जे केलं ते विचित्र होतं. अंगणात वासरापुढे, पण तोंड माझ्या ओट्याकडे करून, ती गुडघ्यावर बसली आणि जमिनीला कपाळ लावलं. "वासरा, पोचूभाऊले पुढं राहू दे म्हनाव. पाया पडते म्हनाव. आजवर काई मांगतलं नाई."

पोचू तिच्या माहेरच्या गावचा. आता माहेरच्या न्हाव्याच्या जागेसाठी एवढं नाटक. मी उठून आत गेलो.

गुरुवार, ४ मार्च

काल सकाळी सातला निघालो. पुढे पत्रू आणि गुणवंतराव, आत सात माणसं, त्यांत रंभा आणि बुधरी म्हातारी. मी मागच्या फळीवर, इंजिनाकडे कान लावून. पत्रू इतका हळू चालला होता की सायकली पुढे जात होत्या. गुणवंतराव म्हणाले, "काय ड्रायव्हर, आठही सिलिंडर उपाशी आहेत का?" माणसं हसली. मीही मागून ओरडलो, "दाब की रे."

त्यानं दाबलं.

नदीवर पोचलो. उन्हाळ्यात रेतीवर बांबूचे तट्टे टाकून रस्ता करतात तो तुला ठाऊक आहे, दोन चाकांपुरता. वारलू ढिवराच्या माणसांनी तो या आठवड्यात अर्ध्यावर डावीकडे वळवला होता, कारण पाण्यानं धार बदलली. वळणावर उंच काठी, काठीला लाल चिंधी. शंभर पावलांवरून दिसेल अशी.

वॅगन तट्ट्यांवर चढली. नव्या इंजिनाचा आवाज पाण्यावरून आदळून परत येत होता. चिंधी आली. पत्रू वळला नाही. सरळ, काठी मोडून, तट्टे सोडून ओल्या रेतीत गेला. तिथून त्यानं घाबरून पाय दिला असेल, कारण इंजिनानं उडी घेतली, मागची चाकं तट्ट्यांना लागली आणि ते पत्त्यांसारखे मागे उडाले. नाक रेतीत दिव्यांपर्यंत रुतलं. गुणवंतरावांचं कपाळ काचेवर आपटलं, बुधरीचा हात मुरगळला. जीव कुणाचा गेला नाही, मार्कंडदेवाची कृपा.

मागे दीडशे बंड्या थांबल्या. जत्रेची माणसं धावत आली, पण मदतीला नाही. वारलूचा आवाज सगळ्यांच्या वर. "महिनाभर कंबर मोडून रस्ता बांधला. एवढी लाल चिंधी लावली. आंधळा आहे का बे?"

"आंधळा नाई, पेलेला आहे," कुणी तरी म्हणालं.

"उतरवा त्याले खाली."

गुणवंतराव रुमालानं रक्त पुसत म्हणाले, "मिस्त्री, मानसं मारायले आनलं का हे?"

पत्रू खाली उतरला, एक हात वॅगनीवर ठेवून उभा राहिला. सगळे माझ्याकडे पाहत होते. आठ सिलिंडरचं, माझ्या हातचं इंजिन रेती खात होतं. मी लंगडत गेलो आणि एवढ्या माणसांसमोर त्याच्या थोबाडीत मारली.

त्यानं हात आडवा केला नाही. मारायला उचललेला हात येतो आहे हे पाहून माणूस मान तरी वळवतो. त्यानं तीही वळवली नाही.

मी दुसऱ्यांदा हात उचलला. तेवढ्यात रंभा मधे आली. डोक्यावरचा पदर खाली पडलेला, आणि माझ्या तोंडाकडे पाहून, बावीस वर्षांत पहिल्यांदा, मला म्हणाली:

"हात खाली करा. त्याले दिसत नाई."

ती थांबली नाही. "दोन सालं झाली. सकाळी थोडं दिसते, ऊन उतरलं की धुकं. भाऊले सांगू नको म्हने, भाऊ माया करन अन् हातातलं चाक घेऊन घेईन. आता घ्या."

मी हात खाली केला.

शुक्रवार, ५ मार्च

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. वॅगन अजून नदीत आहे.

मला रंभाचा राग येतो आहे. एवढ्या लोकांत, उघड्या डोक्यानं, भासऱ्याला तोंडावर उत्तर. सोमारीनं कधी असं केलं नसतं. बोलायचंच होतं तर घरी सांगता आलं असतं.

कसं सांगता आलं असतं, ते सकाळपासून शोधतो आहे. कुणाकरवी? वासराकरवी ती सांगतच होती.

सोमवार, ८ मार्च

पत्रू आणि रंभा आज गेले. मला सांगून नाही. बशीर म्हणाला सिरोंच्याची मोटार धरली, म्हणजे तुझ्याकडेच. तू हे वाचशील तेव्हा ते तुझ्या अंगणात असतील.

मी स्टँडवर उशिरा पोचलो, लांबून पाहिलं. रंभानं भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरला होता. पायरी आली तेव्हा तिनं बोटं दाबली आणि त्यानं पाय उचलला. किती सराईतपणे झालं ते. हे दोघं माझ्या डोळ्यांपुढे असं किती दिवस चालत होते? मोटार गेली. मी हाक मारली नाही.

मग पोचूच्या दुकानात गेलो. त्यानं पाणी मारलं, वस्तरा काढला, म्हणाला, "दाढी करून देतो, भाऊ. मले बोलाले लावू नका."

अर्धी दाढी झाल्यावर मीच विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

"सगळ्या स्टँडले ठाऊक होतं. म्हनून त पुढं बसो मी. गप्पा मारत होतो का काय म्हैशीच्या?"

"मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

वस्तरा गळ्याशी थांबला. "काऊन सांगाचं? तुमी त्याच दिवशी चाक काढून घेतलं असतं. मारून नाई, मायेनं. डोक्यावर हात फिरवून. तुमची माया लय जड आहे, भाऊ, मानूस दबते तिच्याखाली."

मी म्हटलं, चाक काढून घेतलं असतं तर नदीत तरी गेला नसता. नऊ माणसं होती आत.

"ते बी खरं आहे," पोचू म्हणाला. "त्याचं बी चुकलं, माहं बी. पन इचारलं कोनी असतं त सांगतलं असतं ना गा. इचारलं कोनी?"

त्यानं दुसऱ्या गालाची दाढी केली आणि आरसा दिला नाही.

रविवार, २१ मार्च

भागीरथे, वॅगन घरी आली. सहा बैलजोड्या लावून वारलूच्या माणसांनी ओढली, शिव्या देत देत. त्यांचा रस्ता मी आणि बशीरनं तीन दिवस राबून पुन्हा बांधून दिला. वारलू अजून माझ्याशी बोलत नाही. गुणवंतराव बाजारात बोलतात, पण ते लिहिण्यासारखं नाही.

काल नवं इंजिन काढलं. ते चिंचेखाली पडलं आहे. जुनं पोत्यात आहे. बशीर विचारतो, "अब कौनसा डालूं?" मी पाना खाली ठेवला. वॅगनीचं पोट रिकामं आहे आणि रिकामंच राहील, जोवर त्याचा निरोप येत नाही. कुणी म्हणतं मुखरूला ठेवा, कुणी म्हणतं विका. मी ऐकतो आणि बोलत नाही. अवघड जातं, खरं सांगतो. रोज सकाळी काही तरी ठरवून उठतो, आणि चहा होईपर्यंत ते मोडतो.

नागपूरला डोळ्यांचा डॉक्टर आहे म्हणतात, मोतीबिंदू काढतो. परवा मी इथं जायचा वारही लिहिला होता. वर खोडलेली ओळ दिसते ती तीच. जायचं की नाही, कुणाबरोबर जायचं, ते त्याला विचार. माझं नाव त्यानं घेतलं नाही तर सुचवू नको.

ही वही उद्याच्या टपालात टाकतो. एक काम कर. पत्रूला जवळ बसव आणि ही पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखव. रंभाही असू दे. लाथेचं वाच, पतंगाचं वाच, बिड्यांचं वाच, नदीवरची थोबाडीत वाच. तुला लाज वाटेल, मला लिहिताना वाटली त्याहून जास्त. तरी एक ओळ गाळू नको आणि तुझ्या गोड जिभेनं काही मऊ करू नको. मी एकही पान फाडलेलं नाही.

आणि तो जे बोलेल ते तसंच लिहून पाठव. शिव्या असल्या तर शिव्या. रंभाला काही सांगायचं असेल तर तेही, माझ्या नावानं सरळ, मधे कुणी नको. काहीच बोलला नाही तर तेवढं लिही, की बोलला नाही.

पण उशीर लावू नको बाई. टपालवाला चिंचेखालून जातो तेव्हा मी उठून उभा राहतो. लवकर लिही.

देवाजी